ट्रायल रूम नंबर चार

मे महिन्यात लोक इथे गारव्याला यायचे.
घ्यायचं काहीच नसायचं.
गोधनीहून, पारडीहून, दोन बस बदलून,
म्हातारीसकट अख्खं घर.
काचेचं दार उघडलं की आधी डोळे मिटायचे.
मॅनेजर म्हणायचा, हे गिऱ्हाईक नाही.
मी म्हणायची, बाहेर सेहेचाळीस आहे साहेब,
बसू द्या थोडं.

माझं काम ट्रायल रूमच्या तोंडाशी, स्टुलावर.
किती नग?
तीन.
प्लास्टिकचा तिनाचा आकडा हातात द्यायचा,
बाहेर आले की कपडे मोजून घ्यायचे.
आठ वर्षं मी माणसं पडद्याआड जाताना पाहिली
आणि परत येताना.
जाताना जरा ताठ.
येताना बहुतेक म्हणायचे, नको, बसत नाही.
मला कळायचं, अंगाला बसलं होतं,
चिठ्ठीवरची किंमत बसली नव्हती.

आमचे बाबा गिरणीत कापड विणायचे.
मी लोकांनी नाकारलेल्या कापडाच्या घड्या घालायची.
दोन पिढ्या, एकच धागा,
असं भाषणात बरं वाटतं.
माझा फक्त खांदा दुखायचा.

मग दुकानं गेली. एकदम नाही.
आधी घड्याळवाला, मग बुटांचं,
मग तो पॉपकॉर्नवाला
ज्याचा वास तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचा.
शटरवर कागद लागले: लवकरच येत आहोत.
कोण, ते कुठेच लिहिलं नव्हतं.
पुतळे तेवढे राहिले, मुंडकी नसलेले.
वॉचमन उकंडराव एकाच्या खांद्यावर
ओला शर्ट वाळत घालायचा.
म्हणायचा, याच्यावानी माणूस नाही बाप्पा,
कधी नाही म्हनत नाही.

सरकता जिना थांबला तो थांबलाच.
अजूनही पहिल्या पायरीवर माणूस अडखळतो.
पायाला वाटतं,
आता आपल्याला कोणीतरी वर नेईल.

आता खाली, अत्तरांच्या जागी, डायलिसिस आहे.
पार्किंगमध्ये सत्तारभाई कूलरच्या ताट्या भरतो,
ओल्या वाळ्याचा वास
मधल्या पोकळीतून वर चढतो,
बिलाशिवाय.
आणि आमच्या कपड्यांच्या दुकानात अभ्यासिका.
मला परत बोलावलं. स्टूलही तेच.
किती तास?
चार.
आकडे जुनेच. नव्या मालकाने पेटीसकट घेतले.

हॉलमध्ये बसलं तर स्वस्त.
ट्रायल रूमला महिन्याचे दोनशे जास्त,
एकांताचे.
चार नंबरात कुरखेड्याचा प्रज्वल कोवे बसतो.
तलाठ्याची परीक्षा, तिसरी खेप.
पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
मावशी, तो आरसा काढता येईल का?
वाचताना मान वर केली
की समोर मीच बसलेला असतो.
आरसा भिंतीत बसवलेला, निघत नाही.
मग त्याने त्यावर नकाशा चिकटवला,
नद्याबिद्या सगळ्या असलेला.
तरी कडेने बोटभर काच उरलीच.
तिच्यात त्याचा एक कान दिसतो,
पंख्याच्या वाऱ्याने हलणारे केस,
आणि पेन.

परवा निकाल लागला म्हणे.
रात्री तो पडदा सरकवून बाहेर आला.
मी सवयीने तोंडाकडे पाहिलं.
दुसरं काही शिकले नाही मी या इमारतीत,
बाहेर येणाऱ्याचं तोंड तेवढं वाचता येतं.
विचारलं नाही.
त्याने आकडा परत केला,
मी तो पेटीत टाकला.
जिन्यापर्यंत गेला, थांबला,
तिथूनच म्हणाला,
मावशी, उद्यापासून आठ तास.

सकाळी मी आठाचा आकडा शोधत बसले.
पेटी उपडी केली, स्टुलाखाली पाहिलं.
मग आठवलं, आठ कधी नव्हताच.
एका वेळी सहाच कपडे आत न्यायची परवानगी होती.

तो आला तेव्हा
मी त्याच्या हातात सहा ठेवला
आणि त्याच्यावर दोन.